तिसऱ्या प्रकरणात न मेलेली मुलगी

आप्पा, तुम्ही चहा पिता पिता मेलात हे मला अजून पटलेलं नाही.

दीडशेवर भयकादंबऱ्या लिहिल्यात. त्यांत माणसं काय काय तऱ्हेनं मेली! एकाला वीज गेल्यावरही चालणाऱ्या यंत्रमागानं ओढून घेतलं. एक जण घाटातल्या धुक्यात स्वतःच्याच मोटारसायकलखाली सापडला. आणि तुम्ही? बशीत चहा ओतलात, "साखर कमी हाय गं," म्हणालात, आणि काकी साखरेचा डबा घेऊन येईपर्यंत संपलात. दार वाजलं नाही, कुत्रं रडलं नाही. इतकं साधं मरण तुम्ही एकाही पात्राच्या वाट्याला येऊ दिलं नव्हतंत. स्वतःला मात्र घेतलंत.

आणि तेही मला "उद्या ये, समोरासमोर भांडू" असं सांगून.

मी आले होते, आप्पा. पिशवीत मुद्दे लिहिलेला कागद होता. तुमच्या दारात चपलांचा ढीग दिसला तेव्हा मला वाटलं, आज श्रोते घरीच बोलावलेत वाटतं. चार पावलं आत गेले आणि कळलं. तो कागद अजून पिशवीतच आहे.

आदल्या संध्याकाळी फोन ठेवताना मी तुम्हाला भित्रे म्हणाले. तुम्ही हसलात. "मग? भित्राच हाय की मी. त्याबिगर असलं लिवता येतंय व्हय?" तो शब्द परत घ्यायचा होता असं खोटं लिहिणार नाही. घ्यायचा नव्हता. पण तो शेवटचा ठरेल हे माहीत नव्हतं. आता तो कुठं नेऊन ठेवू?

पहिल्यांदा भेटलो तेव्हाही मी भांडायलाच आले होते. मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते, कॉलेजपासून दुसरं काही लिहिलेलं नाही. आम्ही सहा जण, एक हातातला भोंगा, आणि 'भीतीचा धंदा बंद करा' असं मोठ्या टायपातलं पत्रक. तुम्ही बनियनवर बाहेर आलात. दूध संस्थेच्या सेक्रेटरीपणाची खूण म्हणून निवृत्तीनंतरही कानाला पेन असायचं, ते होतंच. भोंग्याकडं बघितलंही नाही. पत्रक मागून घेतलंत, उंबऱ्यावर उभं राहून सगळं वाचलंत. दोन्ही बाजू.

"कुणी लिवलं हे?"

"मी."

"पयल्याच वळीत 'सुज्ञ नागरिकहो' लिवलंयस. सुज्ञ माणूस पत्रक वाचायला थांबत न्हाय. आणि जो थांबतोय, त्याला वाटतं हे दुसऱ्याच कुणाला तरी बोलाय लागल्यात." मग घरात तोंड करून, "ए, सा कप चहा टाक. मोर्चा आलाय!"

आमच्यातले पाच जण चहा प्यायले. मी नाही प्यायले. तुम्ही म्हणालात, "हिच्यात दम हाय, बाकीची पावणीच हायत." मी तिथंच तुमचा द्वेष करायचं ठरवलं होतं आणि घरी जाऊन 'सुज्ञ नागरिकहो' खोडलं.

तुमची गोष्ट जन्माला कशी येते ते मी नंतर पाहिलं. सकाळी गाव दूध घालायला डेअरीत यायचं, तेव्हा तुम्ही बाकावर बसून गोष्ट सांगायला सुरुवात करायचात आणि अर्ध्यात उठून घरी जायचात. संध्याकाळी माणसं वेळेवर आली तर ती गोष्ट टाकून द्यायची. वेळेआधी आली, धारा काढायची घाई करून, कासंला वासरू सोडायचं विसरून आली, तर ती लिहायची. समीक्षक काय म्हणतात याची तुम्हाला कधी फिकीर नव्हती. पुढच्या घरची हौसाक्का किटली घेऊन किती वाजता आली एवढंच तुम्ही बघायचात.

तुमच्याविरुद्ध पुरावे पाहिजेत म्हणून मी जयसिंगपूरच्या एका वाचनालयात बसून तुमची पुस्तकं वाचायला घेतली. कडा दुमडलेली, आमटी सांडलेली, शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेली. पहिली पाच रागानं वाचली. सहावं वाचताना बस चुकली. मग मला एक गोष्ट दिसायला लागली आणि मी वहीत यादीच केली. शाळामास्तर: भुताला मानत नाही, तिसऱ्या प्रकरणात मेला. वायरमन: मानत नाही, तिसऱ्यात मेला. नर्स, ग्रामसेवक, एसटीचा कंडक्टर, मुंबईहून आलेला जावई: सगळे न मानणारे, सगळे तिसऱ्या प्रकरणात. आणि मांत्रिक? तो शेवटच्या पानावर अंगारा हातात घेऊन ठणठणीत उभा.

ती यादी मी तुमच्या घरच्या पुढच्या सोप्यात उभी राहून मोठ्यानं वाचली. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. "आयला, पोरी! हे मलाबी ठावं न्हवतं!" मग डोळे पुसून म्हणालात, "भ्या दाखवायचं तर आधी भ्या न वाटणारा पाडाय लागतोय. त्यो हुभा असला की वाचणारा त्याच्या मागं जाऊन लपतोय."

"मग लपू दे की!"

"मग पुस्तक कोण वाचंल?"

इथून जे भांडण सुरू झालं ते पाच वर्षं चाललं. माझं म्हणणं एकच होतं. एक तरी न मानणारा जगवा. एक. दीडशेत एक.

पण तुम्ही बदललात ते माझ्या भांडणानं नाही, त्या विहिरीनं. मलकापूरच्या पुढं एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथं विहिरीला लागून एका बाईचं घर. दोन म्हशी. तुमची 'पायरीखालची जाऊ', विहिरीच्या पायरीखालच्या भुताची, गावात हातोहात फिरली आणि कुणीतरी ठरवलं की ती हीच विहीर. हिच्या म्हशी त्याच विहिरीचं पाणी पितात, म्हणून डेअरीत हिचं दूध बाजूला ठेवायला लागले. मग घेईनासेच झाले. मी तुम्हाला फोनवर एवढंच सांगितलं. 'बाईला त्रास' हे शब्द मी पत्रकात शंभरदा लिहिलेत, कुणाला काही वाटत नाही. पण 'डेअरीत दूध घेत नाहीत' हे तुमच्या वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी आपण एसटीत होतो.

तिथल्या डेअरीत तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहिलात. "ही जाऊ मी तयार केलीया. बाकावर बसून. खोटी हाय ती."

एक म्हातारं पुढं झालं. "तुमी कवा लिवलंसा?"

"झाली की धा-बारा वर्सं."

"मग तुमास्नी काय म्हाईत? माझ्या आज्यानं बघितलीया तिला."

मी हसले. तुम्ही नाही हसलात. विचारलंत, "कशी हुती?"

"हिरवा चुडा. त्यात एकच बांगडी पिवळी."

तुमचा चेहरा मला अजून दिसतो, आप्पा. ती पिवळी बांगडी काकींची होती. तुम्ही ते प्रकरण लिहीत असताना काकींची एक हिरवी बांगडी पिचली, घरात पिवळी होती ती त्यांनी घातली, आणि तुम्ही समोर दिसली म्हणून पुस्तकात टाकलीत. आता ती त्या म्हाताऱ्याच्या आज्यानं पाहिलेली होती. तुम्ही सांगत होतात, ती माझ्या बायकोची हाय. आणि ते म्हातारं तुमच्याकडं दयेनं बघत होतं. बिचाऱ्याला लिहिता लिहिता दिसली असेल, पण कबूल करायला भितोय!

मग तुम्ही भांडण सोडलंत. त्या बाईच्या किटलीतलं मापभर दूध काढलंत आणि सगळ्यांसमोर, कच्चंच, उभ्यानं प्यायलात. मिशी पुसलीत आणि बाकावर बसलात. "बसतो अर्धा तास. मेलो तर दूध वता. न्हाय मेलो तर घ्या."

अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. मीसुद्धा. खरं सांगायचं तर मीही तुमच्याकडंच बघत होते.

त्या दिवशी दूध घेतलं. आजही घेतात, सगळ्यांच्या शेवटी. एवढंच झालं, जास्त फुगवून सांगत नाही.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसलात. कोल्हापूर जवळ आल्यावर म्हणालात, "न मानणारा मेला की पुस्तकात मागं कोण ऱ्हातंय, म्हाईत हाय? ती बाई. एकटी. मी पन्नास वर्सं त्या बाईला एकटीच ठेवलीया."

पाच वर्षांत मी जिंकले असं वाटावं, असं एवढंच वाक्य तुम्ही बोललात. आणि मी काय केलं? "मी हेच सांगत होते," म्हणाले. तुमचा हात धरायचा होता. नाही धरला. आमच्या पत्रकांत हात धरायला जागा नसते.

त्यानंतर तुम्ही नवी कादंबरी घेतलीत. पत्रकं वाटणारी एक मुलगी, फटकळ, चहा न पिणारी. मी ओळखलं नाही असं तुम्हाला वाटलं होतं का? ती एका गावात जाते, जिथं एका बाईचं दूध कुणी घेत नाही. एके सकाळी तुमचा फोन आला, नमस्कार नाही, चमत्कार नाही. "चवथं प्रकरण चालू झालं. पोरगी जित्ती हाय." आणि फोन बंद. मी रस्त्यावर उभी राहून ओरडले. बाजूचा भाजीवाला दचकला.

मग मी माझ्या स्वभावावर गेले. जगवलीत, आता शेवटच्या पानावर तिच्या तोंडून सांगा, की भूत नसतं. स्वच्छ शब्दांत. तुम्ही म्हणालात, न्हाय. भाषण सुरू झालं की पोरगी मरती, भुताची गरजच पडत न्हाय. मी म्हणाले, तुम्ही भित्रे आहात. तुम्ही म्हणालात, उद्या ये.

आता पुढचं ऐका. तुम्ही असतात तर यावर कादंबरी केली असतीत आणि मी त्याविरुद्ध पत्रक काढलं असतं.

पोरगी जगल्याचं तुम्ही बाकावर सांगून बसला होतात, त्यामुळं तुम्हाला पोचवून आलो त्याच संध्याकाळी डेअरीत कुजबुज सुरू झाली. आप्पांनी यंदा पहिल्यांदाच न मानणारी पोरगी तिसऱ्या प्रकरणात मारली नाही. त्यांचं देणं चुकलं. म्हणून तिच्या जागी त्यांनी आप्पांना नेलं. 'त्यांनी' म्हणजे कुणी, हे कुणी बोलत नव्हतं. मी तिथं उभी होते. माझ्याकडं बघून माणसं गप्प व्हायची, कारण जगवा म्हणून मागं लागले होते ती मीच. आप्पा, मला घाम फुटला. तुमच्या हृदयाचं दुखणं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, गोळ्या तुम्ही चुकवत होतात, हे सगळं मला माहीत होतं. तरी घाम फुटला.

तुमच्या प्रकाशकांना ही कुजबुज फार आवडली. रक्षाविसर्जनाला घाटावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, राहिलेलं दुसऱ्याकडून लिहून घेतो. पोरगीला पाचव्यात मारू. वाचकाला सवय आहे. आणि लोकांचंही समाधान होईल." जशी काही रीतच राहून गेली होती!

नैवेद्य मांडला. काकींनी भाकरी, वडा, खारी ठेवली आणि एका बशीत चहा. त्यात दोन चमचे साखर जास्त घातली होती, हे त्यांनी मला हळूच सांगितलं. मग सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळा होता, समोरच्या पत्र्यावर. येईना. दहा मिनिटं गेली. पन्नास माणसं नैवेद्याभोवती कोंडाळं करून उभी, निम्म्यांचे मोबाईल वर. कसा येईल? पण रीत अशी की कावळा शिवला नाही म्हणजे मन कशात तरी अडकलंय, ते मोठ्यानं कबूल करायचं. पुतण्यानं काकींना सांभाळायचं कबूल केलं. कावळा येईना. कुणीतरी वाचनालय काढायचं कबूल केलं. येईना. मग प्रकाशक पुढं झाले, हात जोडले. "आप्पा, निवांत ऱ्हावा. त्या पोरगीचं नेहमीसारखं करून टाकतो."

"खबरदार!"

हे मी ओरडले. "ती मरणार नाही! मारायची असती तर त्यांनीच तिसऱ्यात मारली असती!"

सगळी माणसं गर्रकन माझ्याकडं वळली. मी त्या बशीकडं बघत होते. मग डोळे मिटले आणि माझ्या तोंडून पुढचं निघालं, हळू, फक्त तुमच्यासाठी: "आणि भाषण नाही करणार ती. कबूल."

'कावळा आणि आत्मा: साधे सवाल' हे पत्रक मी स्वतः लिहिलंय, आप्पा. चार वेळा छापलंय. आणि मी घाटावर उभी राहून कबुली देत होते.

तेवढ्यात मागून हौसाक्का किंचाळली, "शिवला! शिवला गं बया!"

कावळ्यानं खारी उचलली होती, बशी कलंडली होती, चहा वाळूत जिरत होता. माझ्या अंगावर काटा आला. तो तुमच्यामुळं आला, कावळ्यामुळं नाही. पण आला.

दुपारपर्यंत गावची कुजबुज उलटी फिरली. आप्पांची इच्छा होती, पोरगी जगावी. पत्रकवालीनं कबूल केलं आणि कावळा शिवला. प्रकाशकांनी मला हात जोडले. "तुम्ही म्हणाल तसं, ताई. मला वाकडं काय नको." काकींनी तुमची दोनशे पानी वही माझ्या हातात दिली. पुस्तकातली मुलगी वाचली होती, आणि तुम्हाला भुतांनी नेलं ही अफवाही मेली होती. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

दोन दिवस मी गप्प बसले. लिहायला लाज वाटते, पण बसले.

तिसऱ्या दिवशी ती पिवळी बांगडी आठवली. अजून दहा वर्षांनी एखादं म्हातारं सांगेल, माझ्या बानं बघितलाय तो कावळा, आणि त्या जोरावर कुठल्या तरी बाईला कशात तरी अडकवतील. तेव्हा मी कुठल्या तोंडानं पत्रक काढू? मी प्रकाशकांना फोन केला. सांगितलं, तुम्ही सगळे माझ्याकडं बघायला वळलात, नैवेद्याकडं पाठ झाली, कावळ्याला तेवढंच पाहिजे होतं. कावळा माणसांना भितो.

त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मी मोकळा?"

"मोकळे."

"जिंकलेलं सोडताय, ताई."

"हे असलं जिंकलेलं आप्पांना नको होतं. मला पण नको."

त्यांनी मोठा सुस्कारा टाकला. "मग आप्पांचीच रीत करू. बाकावर बसून सांगा. माणसं वेळेआधी आली तर ती जगते. न्हाय आली तर मी माझ्या पद्धतीनं पुरं करतो."

काल संध्याकाळी मी तुमच्या बाकावर बसले. आधी कावळ्याचं खरं सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. "आमची पाठ कुठं हुती? आमी बघितलंय!" हौसाक्का म्हणाली. घाटावर पाठ कुणाची होती यावर पाच मिनिटं वाद झाला. मग मी वही उघडली. मला तुमच्यासारखं सांगता येत नाही. मी घाई करते, मधे मुद्दे मांडते. दोनदा जीभ चावली. ती मुलगी गावात येते, बाईचं दूध कुणी घेत नाही, मुलगी किटलीतून माप भरते, सगळं गाव बघत उभं आहे, ती माप तोंडाला लावते. तुमचं अक्षर तिथं संपतं. मी वही मिटली आणि उठून गेले, तुम्ही जायचात तशी.

रात्रभर विचार केला, मी चुकीचं बोलले, सपक बोलले, कोण येणार.

आज सकाळी डेअरी उघडायच्या आधी पोचले. शटर बंद होतं. समोर रांग लागलेली होती. ती गोष्टीसाठी होती की कावळ्यासाठी, मला माहीत नाही आणि मी ठरवणारही नाही. प्रकाशक शेवटी उभे होते, किटली नसताना.

पहिला नंबर हौसाक्काचा. मला बघून तिनं किटली खाली ठेवली.

"दूध पिऊन पोरगी जित्ती हाय न्हवं?"

मला तो अर्धा तास आठवला, आप्पा. तुमची दुधानं भरलेली मिशी आठवली.

"हाय की," मी म्हणाले.